थ्रीडी फ्रॅक्टलमधून स्टिरिओ साय-फाय चित्रं: मँडेलबल्ब थ्रीडी घेऊ का मँडेलबल्बर?

थ्रीडी फ्रॅक्टल (सूत्रातून तयार होणारे, कितीही जवळ गेलं तरी नक्षी न संपणारे आकार) काढायची ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, दोन्हीत २००९ चा मँडेलबल्ब हा गोलसर आकार आहे आणि २०१० मधला टॉम लोचा मँडेलबॉक्स हा खोक्यासारखा आकारही आहे, त्यामुळे फॉर्म्युले बघून ठरवू नका. साय-फायसाठी मला मँडेलबॉक्स जास्त आवडतो, कारण त्यातून परग्रहावरची शहरं, यानाचे हँगर असं काहीतरी आपोआप निघतं, बल्ब मात्र भाजीच्या गड्ड्यासारखा दिसत राहतो.

मँडेलबल्ब थ्रीडी विंडोजचं, आणि सगळं काम प्रोसेसरवर. पण त्याचा नॅव्हिगेटर... आत उडत उडत जागा शोधायला एवढी मजा दुसरीकडे नाही येत! सेटिंग टेक्स्ट म्हणून कॉपी होतं, म्हणजे दुसऱ्याचं पेस्ट करून शिकता येतं. मँडेलबल्बर ओपन सोर्स, लिनक्स आणि मॅकवरही चालतं, ओपनसीएलमुळे (ग्राफिक्स कार्डावर गणितं करायची सोय) ग्राफिक्स कार्ड वापरतं, आणि स्टिरिओ म्हणजे खोली दिसावी म्हणून दोन डोळ्यांसाठी प्रत्येक चित्र दोनदा रेंडर करणं (गणित करून काढणं), त्यामुळे हा फरक फार जाणवतो. डाव्या-उजव्या डोळ्याची जोडी शेजारी-शेजारी किंवा थेट लाल-निळसर ॲनाग्लिफ (लाल-निळसर काचांच्या चष्म्यातून बघायचं एकत्र चित्र) त्यातच निघतं.

आता खरा मुद्दा, तो म्हणजे दोन डोळ्यांमधलं, म्हणजे त्यांच्या जागी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर. फ्रॅक्टलला स्वतःचं मोजमाप नसतं, तोच खांब बोटाएवढा की डोंगराएवढा हे आपण ठरवलेलं अंतर सांगतं. जास्त ठेवलं की अख्खं शहर टेबलावरचं खेळणं वाटतं, कमी ठेवलं की अवाढव्य वाटतं पण फारच कमी केलं तर सपाट होतं. सुरुवातीला सगळ्यात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग धरा आणि तिथून कमी करत जा. कॅमेरे एकमेकांकडे वळवू नका, समांतरच ठेवा, नाहीतर कोपऱ्यांत उभा फरक येतो आणि डोकं दुखतं.

खोलीचा फरक सोडला तर दोन्ही डोळ्यांना वेगळं दिसणारी प्रत्येक गोष्ट त्रास देते. मँडेलबल्ब थ्रीडीतली एसएसएओ सावली त्या-त्या चित्रात जे दिसतं त्यावरूनच काढली जाते, म्हणून कडांवर दोन्हीकडे जुळत नाही, वेळ लागला तरी डीईएओ (प्रत्यक्ष आकारावरून काढलेली सावली) लावा. मँडेलबल्बरमध्ये मॉन्टे कार्लो (अंदाजाने कुठेही किरण सोडून त्यांची सरासरी घेणं) वापरलं तर दाणे दोन्ही चित्रांत वेगवेगळे पडतात आणि हवेत चमचम होते, तिथे सँपल (किरणांची संख्या) वाढवा. बारीक नक्षी तर दोन्हीकडे किरकिर करते, दुप्पट आकारात रेंडर करून लहान करा, तेवढ्याने खूप फरक पडतो.

माझं मत, जागा शोधायची हौस असेल आणि विंडोज असेल तर मँडेलबल्ब थ्रीडी, पण ॲनिमेशन किंवा मोठ्या जोड्या काढायच्या तर मँडेलबल्बरच. आणि ॲनाग्लिफ करणार असाल तर भडक लाल दिवे टाळा, एका डोळ्याला ते उजळ दिसतात आणि दुसऱ्याला जवळपास काळे. राखाडी, फिकट सोनेरी रंग छान बसतात.