जाड फॉन्ट सरळ घ्यावा की तिरपा?

हेडिंगला जाड सॅन्स सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना शेपट्या नसलेला साधा फॉन्ट, लावायचा इथपर्यंत ठरलेलं असतं, पण तो सरळ उभा की तिरपा इथे गाडी अडते. माझं मत आधीच सांगतो, शब्द तीन-चारच असतील आणि मजकुरात वेग, जोर, स्पर्धा असं काही असेल तर डोळे झाकून तिरपा घ्या, नाहीतर सरळच बरा.

तिरप्यात होतं काय, तर उभ्या रेषा साधारण 8 ते 12 अंश उजवीकडे कलतात, म्हणजे आपण वाचतो त्याच दिशेला, त्यामुळे अक्षरं पुढे झेपावल्यासारखी वाटतात आणि म्हणूनच खेळांचे लोगो, रेसिंगच्या गाड्या, सेलचे बॅनर सगळीकडे हा प्रकार दिसतो. पण वेगच असं नाही हं. बार्बरा क्रूगर या अमेरिकन कलाकार, त्यांनी ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवर लाल पट्टीत पांढरा फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक, म्हणजे फ्युचुरा फॉन्टचं जाड तिरपं रूप, वापरला आणि तिथे तो अंगावर येऊन जाब विचारतो. फ्युचुरा मूळ डिझायनर पॉल रेनरचा, 1927 चा, स्वभावाने शांत, पण जाड करून कलवला की तोच किती बदलतो बघा!

सरळ जाडचं बळ वेगळं, तो भिंतीसारखा उभा राहतो, 1965 चा इम्पॅक्ट हा फॉन्ट आठवा. हेडिंग दोन-तीन ओळींचं असेल, नावांची यादी असेल, दुरून वाचायची पाटी असेल तर हाच. तिरपा मोठ्या साइजमध्ये तीन ओळी लावला की डावी कड करवतीसारखी दिसायला लागते, शिवाय चौकटीत बसवताना शेवटच्या अक्षराचा वरचा कोपरा बाहेर जातो आणि कधीकधी चक्क कापला जातो, त्यामुळे जागा डोळ्यांनी बघून हाताने सरकवावी लागते.

आणि एक कळकळीची विनंती, सरळ फॉन्ट घेऊन इटॅलिकचं बटण दाबू नका. इम्पॅक्टला तिरपं रूपच नाहीये, बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षर नुसतं ढकलतं, मग इंग्रजी O हे अक्षर वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होतं, उरलेल्या दोन बाजूंना बारीक, आणि जितका फॉन्ट जाड तितकं हे जास्त खुपतं. डिझायनरने मुद्दाम काढलेल्या तिरप्यात हे सगळं दुरुस्त केलेलं असतं. बार्लो कन्डेन्स्ड, एक्झो 2, मॉन्टसेराट या फॉन्टची जाड तिरपी रूपं फुकट मिळतात, मग कशाला ढकलाढकली.

देवनागरीत मात्र दहादा विचार करा. शिरोरेषा आडवीच राहते, कलतात ते खालचे दंड, आणि जाड रूपात वेलांटी नि रफार शेजारच्या अक्षराला जाऊन भिडतात. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी या देवनागरी फॉन्टना तिरपं रूप नाही, पॉपिन्सला आहे. मी एकदा पोस्टरवर इंग्रजी तिरपं आणि मराठी सरळ ठेवून बघितलं, दोन वेगवेगळ्या पोस्टरचे तुकडे चिकटवल्यासारखं दिसत होतं, शेवटी दोन्ही सरळ केलं आणि वेग दाखवायचं काम मागच्या तिरप्या पट्ट्यावर सोपवलं.