पर्मेथ्रिन ५ टक्के मलम: तिसऱ्या प्रयत्नात गेलेली खरूज

डिचोलीच्या आमच्या घरात यंदा जूनपासून ऑगस्टपर्यंत खरूज मुक्कामाला होती आणि या मलमाला आम्ही दोनदा निकामी ठरवले होते. सात महिन्यांच्या बाळाच्या तळहातांवर व तळपायांवर पाणी भरलेले बारीक फोड होते. दिवा मालवला की ते एक पाय दुसऱ्या पायावर घासत रडत असे. आधी एका दवाखान्यात हे घामोळे ठरले. तिथल्या स्टेरॉइडच्या मलमाने आठवडाभर लाली दबली, मग पुरळ पोटावर आले.

पर्मेथ्रिन पहिल्यांदा फसले, कारण ते आम्ही बाळाला मोठ्यांसारखे मानेखालीच लावले. तान्ह्या मुलाच्या टाळूवर, कानांमागे आणि डोळे-तोंड वगळून चेहऱ्यावरही ते लागते, हे म्हापशाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नंतर सांगितले. दुसऱ्यांदा सासूबाईंना वगळले, कारण त्यांना खाज नव्हती. परंतु पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही आणि तेवढ्या अवधीत तो इतरांना खरूज देत राहतो. बाळ रात्री त्यांच्याच कुशीत झोपत होते.

तिसऱ्या वेळी घरातल्या सहाही जणांनी एकाच रात्री, नखांखाली, बेंबीत आणि बोटांच्या बेचक्यांत मलम लावले, बाळाने हात चोखू नयेत म्हणून त्याला हातमोज्यांऐवजी माझे जुने पायमोजे चढवले, सकाळी सर्वांनी अंघोळ केली आणि आठवड्याने हेच पुन्हा केले. कपडे गरम पाण्यात धुतले खरे, पण पावसात गोधड्या वाळणार कुठे? त्या प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवल्या. माणसाच्या अंगाबाहेर खरजेचा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा टिकत नाही.

मलमाचा चिकटपणा फारसा जाणवला नाही. तक्रार आहे ती ट्यूबच्या आकाराची: एका मोठ्या माणसाला सुमारे ३० ग्रॅम लागते, त्यामुळे दोन फेऱ्यांत आमच्या अकरा ट्यूबा संपल्या आणि औषधाच्या दुकानात एका वेळी दोनच मिळत होत्या. माहितीपत्रकातली अक्षरे तर भिंगाशिवाय दिसत नाहीत. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. उपचारानंतरही खाज तीन आठवडे राहिली, आणि ती चार आठवड्यांपर्यंत राहू शकते हे आधीच सांगितले गेले होते म्हणूनच आम्ही घाबरून तिसरा फेरा केला नाही.