व्हिडिओ पाहून रॅम्पवर स्केटबोर्ड: नऊ महिन्यांनंतर

सप्टेंबरमध्ये सुरुवात केली, आता नवतपा लागलाय. रॅम्प शिकवणारं ओळखीत कोणी नव्हतं, त्यामुळे मोबाईलच मास्तर. वय 33, पोट थोडं सुटलेलं. आजवर पंपिंग (पाय न मारता गुडघ्यांनी वेग घेणं), किक-टर्न (पुढची चाकं उचलून वळणं) आणि तीन फुटांवरून ड्रॉप-इन (काठावरून रॅम्पवर उतरणं) एवढं जमलं. रॉक टू फेकी (पुढची चाकं काठापलीकडे नेऊन तसंच उलटं खाली येणं) अजून नाही.

नागपुरात कळमन्याकडे काकांचं गोडाऊन आहे, त्यातल्या कोब्यावर समोरासमोर दोन रॅम्प करून घेतले. मापंही व्हिडिओतूनच घेतली, आणि ती बरोबर निघाली. सात फुटांच्या सुतळीच्या एका टोकाला खिळा, दुसऱ्याला पेन्सिल, आणि 18 मिमीच्या प्लायवर सुताराने गोलाई मारली. वरून 6 मिमीच्या प्लायचे दोन थर, कारण जाड प्लाय तेवढा वाकत नाही. काठाला दोन इंची जीआय पाईप. सगळं झाल्यावर सुतार म्हणाला, "साहेब, घसरगुंडी हाय तं पायऱ्या कुठं हायेत?"

आता शिकण्याचं. सगळ्यात चटकदार व्हिडिओ ड्रॉप-इनचे असतात, म्हणून मी तिथूनच सुरू केलं. तीच घोडचूक. बोर्डची शेपूट, म्हणजे मागचं टोक, पाईपवर दाबून, पुढची चाकं हवेत ठेवून तीन आठवडे नुसता उभा राहिलो. ज्या दिवशी पाय टाकला त्या दिवशी बोर्ड पुढे गेला आणि मी मागे, मनगटावर. दहा दिवस क्रेप बँडेज. आई म्हणाली, "काय करून राहिला रे तू? लहान हायेस का?"

खरं तर आधी पंपिंग शिकायला हवं होतं, पण व्हिडिओत ते दिसतच नाही. माणूस नुसता इकडून तिकडे जाताना दिसतो. गावी झोपाळ्यावर उभ्याने झोके घ्यायचो ते आठवलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. खाली येताना गुडघ्यात बसायचं, चढ लागला की उठायचं. झोका असाच चढतो, बोर्डही तसाच.

ड्रॉप-इनमध्ये "पुढचा पाय जोरात आपटा" असं सगळेच सांगतात. मी आपटत होतो, तरी पडत होतो. शेवटी फोन विटेला टेकवून स्वतःचं शूटिंग केलं. पाय बरोबर खाली जात होता, पण खांदे पाईपच्या मागेच राहिलेले. भीती पायात नव्हती, पाठीत होती. खांदे पुढच्या ट्रकच्या (चाकं बसवलेल्या धातूच्या आसाच्या) वर नेले आणि चौथ्या खेपेला खाली उतरलो. शंभर व्हिडिओ पाहून जे कळलं नाही ते स्वतःच्या आठ सेकंदांनी दाखवलं.

माझा उजवा पाय पुढे असतो, म्हणजे मी गूफी. बहुतेक शिकवणारे डावा पाय पुढे ठेवतात. डोक्यात उलटं करत बसण्यापेक्षा एडिटिंग ॲपमध्ये क्लिप आडवी पलटवून पाहिली, अर्धा गोंधळ तिथेच मिटला. कॉम्प्युटरवर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. हेही फार कामाचं.

तक्रार एकच, पण मोठी. पडायचं कसं, हे बहुतेक व्हिडिओत वीस सेकंदांत उरकतात. रॅम्पवर पडताना गुडघ्यांवर घसरत खाली यायचं असतं, आणि त्यासाठी वर कडक प्लास्टिकची वाटी असलेले गुडघ्याचे पॅड लागतात. मी आधी कापडी घेतले होते. ते प्लायवर घसरत नाहीत, जागच्या जागी अडकतात, आणि अंग पुढे फेकलं जातं. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड तर पहिल्याच दिवशी घ्या. आधी हे, बोर्ड नंतर.

सध्या पहाटे साडेपाचला जातो, आठनंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. रॉक टू फेकीत पुढची चाकं पाईपपलीकडे नीट जातात, परत येताना अडकतात. शेपटीवर वजन देऊन बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, उचलायचं असतं, ते मी उचलतो, पण उशिरा. कालच्या शूटिंगमध्ये मोजलं, सहा फ्रेम उशीर.