सांगलीच्या मूर्ती कारखान्यात बनलेला ईगल रे: आमच्या प्रयोगशाळेतल्या मॉडेलबद्दल

माधवनगर रस्त्यावरून आत वळलं की गणपतीच्या मूर्ती करणारा एक कारखाना लागतो. सिझन नसतो तेव्हा तिथे फायबरची कामं घेतात. बागेतले जिराफ, मंगल कार्यालयाच्या दारातले हत्ती, कमानीवरचे मोर. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या जीवशास्त्र विभागासाठी मी त्यांच्याकडून ठिपक्यांच्या ईगल रे माशाचं मॉडेल करून घेतलं. ईगल रे हा पाकटाचा, म्हणजे इंग्रजीत 'रे' म्हणतात त्या चपट्या माशाचा एक प्रकार. आधीच सांगते, काम फार चांगलं झालंय. दोन-तीन गोष्टी खटकल्या, त्याही पुढे लिहिल्या आहेत. पण प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही मी हा पत्ता डोळे झाकून देईन.

मुळात मॉडेल करून घ्यायची वेळ का आली ते सांगायला हवं. कास्थिमत्स्य, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेले मासे शिकवताना शार्क मुलांना माहीत असतो, पाकट नसतो. आमची मुलं कृष्णाकाठची. रोहू, कटला, मरळ हे मासे त्यांनी हाताळलेले आहेत, पण हाडच नसलेला मासा, त्यातही पंख हलवत पोहणारा, त्यांना कल्पनेतच बघावा लागतो. म्हणून आधी शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून तक्ता मागवला. त्यात ईगल रे वाळूवर पसरलेला, विषारी काटा थेट शेपटीच्या टोकाला, आणि खाली 'एटोबॅटस नॅरिनारी, कुल मायलिओबॅटिडी, आढळ: अटलांटिक, हिंदी व पॅसिफिक महासागर' असं छापलेलं. या तिन्ही गोष्टी आज चालत नाहीत. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाले, वर्षानुवर्षं हाच तक्ता जातो, कुणाची तक्रार नाही. असा तक्ता मी भिंतीवर लावणार नव्हते.

कारखान्यातले काका साठीच्या पुढचे आहेत. समुद्री मासा त्यांनी कधी केलेला नव्हता, आणि हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मला तेच आवडलं. मी फोटो, मापं आणि मोबाइलवर व्हिडिओ घेऊन गेले होते. पहिला शाडूचा नमुना त्यांनी सपाट केला, कडा सगळीकडे सारख्या पातळ. साधा पाकट तसा चालला असता. तो बराच वेळ तळाशी वाळूत अंग पुरून बसतो आणि कडेला लाटा उठवत सरकतो. ईगल रेचं तसं नाही. त्याचे छातीचे पर टोकदार पंख झालेले असतात आणि तो ते वर-खाली मारत मोकळ्या पाण्यात पोहतो. खाडीच्या तोंडाशी, प्रवाळाच्या आसपास, कधी पाण्याबाहेर उंच उडीसुद्धा मारतो. वाळूकडे येतो तो मुख्यतः खाण्यासाठी. काकांनी व्हिडिओ दोनदा बघितला, काही न बोलता तारेनं शाडू कापला आणि मधला भाग जाड ठेवून पंख टोकाकडे निमुळते करत नेले. आता दोन्ही पंख वर उचललेले आहेत, टोकं किंचित खाली वळलेली. छताला दोन हुकांवर टांगल्यावर मासा पोहतोय हे लांबूनही कळतं.

डोकंही नीट जमलंय. बाकीच्या पाकटांत डोकं चकतीसारख्या चपट्या अंगात मिसळून गेलेलं असतं, इथे ते वेगळं पुढे आलेलं आहे, तुंड चपटं, डोळे दोन्ही बाजूंना. डोळ्यामागे श्वासरंध्र. तोंड, नाकपुड्या आणि कल्लाविदरांच्या, म्हणजे कल्ल्यांच्या फटींच्या, पाच जोड्या खालच्या बाजूला. टांगलेल्या मॉडेलखाली उभं राहून मुलं या जोड्या स्वतः मोजतात, आणि शार्कची कल्लाविदरं बाजूला असतात, याची खाली का, हा प्रश्न आपणहून विचारतात. तक्त्यावर तो कधीच आला नसता, कारण तक्त्याला खालची बाजू नसते.

आता जबडा. हा भाग मी वेगळा, मोठ्या मापात करून मागितला होता आणि इथेच काकांचं कसब दिसलं. ठिपक्यांच्या ईगल रेच्या, म्हणजे एटोबॅटस प्रजातीच्या, जबड्यात दातांची एकच ओळ असते. रुंद, सपाट दात एकामागे एक जुळवून बसवलेले, खालच्या जबड्यातले इंग्रजी व्ही अक्षरासारखे वाकलेले. मायलिओबॅटिस या जवळच्या प्रजातीत मधल्या रुंद दातांच्या दोन्ही बाजूंना लहान दातांच्या ओळी असतात, सहसा एकूण 7. तक्त्यात हा फरक गायब होता. काकांनी प्रत्येक दात वेगळा ओतला, पुट्टीनं जोडला आणि सांधे बुजवले नाहीत. बोट फिरवलं की प्रत्येक दाताची कड लागते. पुढचे दात त्यांनी झिजलेले दाखवले, मागचे कोरे, कारण मागून नवे दात येतात आणि पुढचे घासून जातात हे मी बोलता बोलता सांगितलं होतं. एवढ्यावरून त्यांनी ते केलं.

जबड्याचं काम चालू असताना ते म्हणाले, "मॅडम, हाड न्हाई म्हणताय, मग शिंपली फोडतंय कशानं? कूर्चा तर कानासारखी लवचिक की." अगदी नेमका प्रश्न. ईगल रे गोगलगायी, शिंपले, खेकडे खातो आणि जाड कवचंही चिरडतो. 2000 साली अ‍ॅडम समर्स या अभ्यासकानं दाखवून दिलं की शिंपले फोडणाऱ्या या गटाच्या जबड्यात कूर्चेच्या आतून खनिजयुक्त खांब आडवेतिडवे गेलेले असतात. कूर्चा वरून सगळ्या पाकटांची असते तशीच, पण आत हे आधार, म्हणून ती दबत नाही. मी हे सांगत होते तोच काकांनी शेजारी पडलेला अर्धा हत्ती उलटा केला. आत पोकळ, आणि पोकळीत बांबूच्या बत्त्या फायबरनं चिकटवलेल्या. "ह्या न्हाई टाकल्या तर पाठीवर पोरगं बसलं की बसतंय खाली," म्हणाले. मग त्यांनी आपणहून सुचवलं की जबडा एका बाजूनं कापून आतले खांब दाखवू. मी हे मागितलं नव्हतं. त्याचे पैसेही वेगळे लावले नाहीत. आज वर्गात सर्वांत जास्त हाताळला जातो तो हाच कापलेला जबडा. रचना कशी टिकते हे रोज हातानं करणारा माणूस जीवशास्त्राच्या इतक्या जवळ येतो, याचा मला खरोखर आनंद झाला.

शेपटीवर आमची बरीच चर्चा झाली. ईगल रेची शेपूट चाबकासारखी, अंगाच्या रुंदीच्या अडीच-तीन पट. आमच्या मॉडेलची रुंदी 4 फूट, म्हणजे खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी, कारण पूर्ण वाढलेला मासा 3 मीटर रुंदीपर्यंत जातो. तरीही शेपूट 10 फुटांची झाली. ती आखूड करा असं आमच्याच विभागात सुचवलं गेलं, मी ऐकलं नाही. काकांनी आत स्टीलची तार घालून तीन तुकड्यांत, आटे पाडून, काढता-घालता येईल अशी केली. काटे शेपटीच्या बुडाशी, छोट्या पाठपराच्या लगेच मागे, दातेरी आणि दाते मागे वळलेले. जागा अचूक आहे. 'स्टीव्ह अर्विनला मारलं तो हाच का?' असं मुलं हमखास विचारतात. टीव्हीवर वन्यप्राण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या अर्विनचा तो 2006 मधला अपघात दुसऱ्या कुलातल्या पाकटामुळे झाला होता, हे काट्यावर बोट ठेवून सांगता येतं. ईगल रेचाही काटा विषारी असतो, पण तो माणसावर चाल करून येत नाही, दिसला की लांब जातो.

रंगकामात एकदा अडलो. वरून गडद निळसर करडा, खालून पांढरा, हे ठरलेलं होतं. पाण्यात वरून बघणाऱ्याला गडद पाठ तळात मिसळून जाते, खालून बघणाऱ्याला पांढरं पोट उजेडात. ठिपके मात्र कारागीर मुलानं स्टेन्सिलनं डाव्या-उजव्या पंखावर तंतोतंत सारखे मारले. दिसायला सुबक, पण ईगल रेवर ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि अभ्यासक फोटोतल्या ठिपक्यांवरून एकेक मासा ओळखून काढतात. त्या मुलाला हे सांगितल्यावर त्यानं पुन्हा प्रायमर मारला आणि फोटो समोर ठेवून हातानं ठिपके काढले. कुरकुर नाही.

खटकलेल्या गोष्टी. डोळे काचेचे, मूर्तीसाठी येतात तेच बसवले आहेत. थोडे मोठे आहेत आणि चमक जास्त आहे. मी मादी सांगितली होती, त्यामुळे नराचे आलिंगक (मिलनाचे अवयव) नाहीत हे बरोबर, पण पोटाचा भाग उघडता यावा ही माझी मागणी राहून गेली. या माशाची मादी अंडी घालत नाही, पिल्लं पोटात वाढतात. आधी बलकावर, नंतर गर्भाशयात स्रवणाऱ्या दुधासारख्या द्रवावर. साधारण वर्षभरानं 1 ते 4 पिल्लं जन्मतात, पंख गुंडाळलेली, पण पूर्ण तयार. हे दाखवता आलं असतं तर हवं होतं. त्याऐवजी त्यांनी एक वेगळं पिल्लू करून दिलं, तेवढ्यावर समाधान. वेळ फार लागला, कारण मध्ये गणेशोत्सव आला आणि आमचा मासा महिनाभर कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडून राहिला. ताबा घेतल्यावर रेझिनचा वास बरेच दिवस जात नव्हता, प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या.

पाटीबद्दल मी आग्रही होते. अ‍ॅक्रिलिकवर मजकूर बाहेरून करून घेतला. त्यावर लिहिलंय: संघ समपृष्ठरज्जू, वर्ग कास्थिमत्स्य, गण मायलिओबॅटिफॉर्मिस, कुल एटोबॅटिडी, प्रजाती एटोबॅटस, जाती ओसेलॅटस. युफ्रेसननं 1790 मध्ये नॅरिनारीचं वर्णन केलं, आणि पुढे खूप काळ जगभरचे सगळे ठिपकेवाले ईगल रे त्याच नावाखाली टाकले गेले. हाइनरिख कूल या अभ्यासकानं 1823 मध्ये दिलेलं ओसेलॅटस हे नाव बाजूला पडलं होतं. 2010 मध्ये विल्यम व्हाइट आणि सहकाऱ्यांनी शरीररचना आणि जनुकं तपासून ते पुन्हा उभं केलं. आता नॅरिनारी अटलांटिकपुरता, आणि आपल्या किनाऱ्यासह हिंदी महासागर व पश्चिम पॅसिफिकमधला तो ओसेलॅटस. 2016 मध्ये व्हाइट आणि नेलर यांनी एटोबॅटसचं कुलही मायलिओबॅटिडीपासून वेगळं काढलं. हा निव्वळ नावांचा खेळ नाही. सगळे एकच जाती मानले की एका समुद्रातले संपत आले तरी दुसरीकडे आहेत म्हणून दुर्लक्ष होतं. वर्षाला मोजकी पिल्लं देणारा, जाळ्यात सहज सापडणारा प्राणी, त्याची संख्या घटतेच आहे.

पाटीच्या खालच्या ओळीत जवळचा नातलग म्हणून राइनॉप्टेरा जयकरी मुद्दाम घातला. हा काऊनोज रे, बुलेंजरनं 1895 मध्ये नाव दिलेला. मस्कतला डॉक्टर असलेले आत्माराम सदाशिव जयकर यांनी तिथले प्राणी गोळा करून ब्रिटिश म्युझियमला पाठवले, त्यांचं हे नाव. एक समुद्रघोडाही त्यांच्या नावाचा आहे. मुलं ती ओळ वाचतात, 'जयकर म्हणजे आपलेच?' विचारतात, आणि पुढचे दहा मिनिटं मला वर्गीकरण शिकवावं लागत नाही, ती स्वतःच विचारत राहतात.

खर्च: मोठं मॉडेल, वेगळा जबडा आणि पिल्लू मिळून 22 हजार, त्यात आणायच्या टेम्पोचं भाडं धरलेलं नाही. पाटीचे वेगळे. तयार आयात मॉडेलच्या तुलनेत मला हे रास्त वाटलं, आणि कापलेला जबडा कुठल्याही तयार मॉडेलमध्ये मिळणार नाही.

जायचं असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या आत जा, मार्चपासून मूर्तींच्या ऑर्डरी सुरू होतात. फोटो सगळ्या बाजूंचे न्या, विशेषतः खालून काढलेले. मापं फुटांत लिहून द्या. डोळे कोणते हवेत ते आधीच सांगा, आणि पोट उघडतं हवं असेल तर साचा पाडायच्या आधी सांगा, नंतर होत नाही. आमचा पुढचा मासा करवत मासा आहे, त्याचं शाडूकाम डिसेंबरात सुरू करायचं ठरलंय.