एचएलए बी२७ ची टेस्ट: फ्लोवाली की पीसीआरवाली?

अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या आणि कमरेच्या सांध्यांना सूज येऊन पाठ ताठणारा आजार, असल्याची शंका आली की ही रक्ताची टेस्ट सांगतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं "एचएलए बी२७" लिहिलेलं असतं आणि लॅबच्या काउंटरवर विचारतात, फ्लोने करायची की पीसीआरने? माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि जी स्वस्त होती ती करून मोकळे झालो, आणि मग तीच टेस्ट दुसऱ्या पद्धतीने परत करावी लागली. म्हणून हे नीट लिहितेय, तुमच्यापैकी कुणाचे पैसे आणि आठवडा वाचला तर बरं.

बी२७ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रोटीन आहे. जवळपास सगळ्याच पेशींवर असतं, पण या घराण्यातली प्रोटीन्स आधी पांढऱ्या पेशींवर ओळखली गेली म्हणून एचएलए, म्हणजे ह्यूमन ल्युकोसाइट (पांढरी पेशी) अँटिजेन, असं नाव पडलं. पेशीच्या आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेर धरून दाखवायचे, हे त्याचं काम. त्याचा जीन सहाव्या क्रोमोसोमवर, एक प्रत आईकडून आणि एक बाबांकडून, आणि दोन्ही प्रती कामाला असतात. म्हणजे आईबाबांपैकी एकाकडे बी२७ ची एक प्रत असेल तर प्रत्येक मुलाला ती मिळायची शक्यता निम्मी.

फ्लो टेस्ट प्रोटीन बघते आणि पीसीआर जीन बघते, सगळा फरक इथूनच सुरू होतो.

फ्लोमध्ये चमकणारा रंग लावलेली अँटीबॉडी रक्तात मिसळतात, ती पेशींवरच्या बी२७ ला चिकटते, मग एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि किती चमकली ते मशीन मोजतं. रिपोर्ट लवकर मिळतो, बहुतेक ठिकाणी स्वस्तही असतो. पण दोन अडचणी आहेत. एक, पेशी ताज्या लागतात, रक्त जास्त वेळ पडून राहिलं की वाचन बिघडतं. दुसरी, बी७ नावाचं याचंच भावंड आहे, दिसायला इतकं सारखं की अँटीबॉडी कधीकधी त्यालाही चिकटते. भावाचं रक्त शनिवारी संध्याकाळी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं, ते गेलं दुसऱ्या शहरात, आणि मशीनवर लागलं सोमवारी. रिपोर्टवर आलेखाचा उंचवटा होता तो बरोब्बर कटऑफच्या रेषेवर बसलेला, ना धड अलीकडे ना पलीकडे, आणि खाली ओळ, "बॉर्डरलाइन, पीसीआरने खात्री करावी". डॉक्टरांनी त्या उंचवट्याभोवती पेनाने गोल काढून दाखवला तेव्हा आम्हाला कळलं.

पीसीआरमध्ये रक्तातून डीएनए काढतात आणि बी२७ चाच तो ठरावीक तुकडा आहे का ते शोधतात. डीएनए टिकाऊ, प्रवासाने फारसं बिघडत नाही, आणि बी७ चा घोळही होत नाही. थोडा वेळ आणि बहुतेकदा थोडे जास्त पैसे लागतात. साध्या पीसीआरमध्ये बी२७ चा पोटप्रकार (तो २७:०५ असा आकड्यांत लिहितात) मात्र कळत नाही, आणि पोटप्रकारांत फरक आहे बरं का: २७:०५ चा आजाराशी पक्का संबंध, पण सार्डिनियात सापडणारा २७:०९ त्याच्यापेक्षा फक्त एका अमिनो ॲसिडने (प्रोटीनच्या साखळीतल्या एका मण्याने) वेगळा, ११६ व्या जागी, आणि त्याचा संबंध जवळपास दिसत नाही. तरी आपल्याकडच्या पेशंटमध्ये मुख्यतः २७:०५ आणि २७:०४ दिसतात आणि दोन्ही आजाराशी जोडलेले आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर पोटप्रकारासाठी वेगळा खर्च करू नका.

माझं मत विचाराल तर लॅब तुमच्याच गावात असेल, सॅम्पल त्याच दिवशी लागणार असेल तर फ्लो करा, स्पष्ट पॉझिटिव्ह किंवा स्पष्ट निगेटिव्ह आलं की विषय संपला. सॅम्पल बाहेरगावी जाणार असेल, मध्ये रविवार येत असेल, तर सरळ पीसीआर. काउंटरवर एवढंच विचारायचं, "सॅम्पल मशीनवर कधी लागणार?" आणि जीन काही बदलत नाही, म्हणून स्पष्ट रिपोर्ट आला की तो जन्मभर जपून ठेवा, दर दोन वर्षांनी परत करायची गरज नाही.

भावाची पीसीआर पॉझिटिव्ह आली. पण त्यावरून आजार ठरला नाही, तो ठरला सकाळचा अर्धा-पाऊण तास ताठलेली कंबर, चालल्यावर बरं वाटणं, पहाटे दुखून जाग येणं आणि कमरेच्या सांध्यांचा एमआरआय हे सगळं मिळून. बी२७ आणि अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचा संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या दोन टीम्सनी वेगवेगळा दाखवला, पण बी२७ असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही, आणि काहींना बी२७ नसतानाही होतो.

मग मी विचारलं, डॉक्टर, माझीही करून टाकू का? त्यांनी विचारलं कंबर दुखते का, डोळा लाल होऊन दुखला होता का कधी, उजेड सहन होत नव्हता असं झालंय का. नाही म्हटलं. म्हणाले, मग आत्ता नको, यातलं काही झालं तर लगेच ये. मी केली नाही.