‘महिन्याला वीस लिंक’ पॅकेज: मराठवाड्यातल्या धंद्यांनी त्यातलं काय घ्यावं, काय सोडावं

वेबसाइट बनवून देणारे बरेच जण आता सोबत लिंक अदलाबदलीचं पॅकेजही गळ्यात घालतात, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवर तुमची लिंक आणि तुमच्या साइटवर त्यांची, गुगलच्या शोधात वर दिसावं म्हणून. छत्रपती संभाजीनगरचा पैठणीवाला असो, लातूरचे क्लासेस असोत की जालन्याचा बियाणे विक्रेता, ऑफर साधारण एकाच साच्याची असते: महिन्याला २० लिंक, तीन महिन्यांत ६०, महिनाअखेरीला रिपोर्ट. हा रिव्ह्यू या साच्याचा आहे, कुठल्या एका कंपनीचा नाही. मत आधीच सांगतो. आहे तसं हे पॅकेज घेऊ नका. पण त्यातला एक तुकडा खरंच कामाचा आहे आणि तो वेगळा मागता येतो.

आधी रिपोर्ट बघू. एक एक्सेल शीट येते. तिच्यात साइटचं नाव, लिंक असलेल्या पानाचा पत्ता आणि डीए नावाचा आकडा. डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, हे साइट शोधात किती वर येऊ शकेल याच्या अंदाजाचं मोझ कंपनीचं १ ते १०० चं माप आहे. गुगल ते वापरत नाही. त्यामुळे ‘डीए ५० च्या वरच्या साइट’ एवढ्यावरून तुमच्या दुकानापर्यंत कोणी येईल की नाही, हे अजिबात कळत नाही. ज्या रकान्याची खरी गरज आहे, म्हणजे त्या लिंकवरून किती माणसं आली, तो शीटमध्ये नसतोच.

शीट हातात आली की २० पैकी निदान पाच ओळी स्वतः तपासा. पान उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, दिसेल. त्यात तुमचं डोमेन शोधा आणि लिंकच्या त्या टॅगमध्ये ‘रेल’ (rel) या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा. ‘नोफॉलो’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असेल तर सर्च क्रमवारीसाठी तिचा फायदा धरू नका. ‘नोरेफरर’ असेल तर तिथून आलेला माणूस गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर कोण कुठून आलं हे मोजणाऱ्या साधनात, ‘डायरेक्ट’ (थेट आलेला) म्हणून मोजला जातो, म्हणजे लिंक चालली की नाही हे कळायची वाटच बंद. मग कोडच्या वरच्या ‘हेड’ भागात ‘नोइंडेक्स’ आहे का बघा. असेल तर ते पान गुगलच्या निकालांत येणारच नाही. शेवटची तपासणी सगळ्यात सोपी: त्या साइटच्या मुखपृष्ठावरून क्लिक करत करत त्या पानापर्यंत पोचता येतं का? येत नसेल, तर ते पान रिपोर्टसाठीच बनवलेलं आहे.

बहुतेक वेळा समोर येतं ते ‘आमचे भागीदार’ नावाचं पान. वर पॅकर्स-मूव्हर्स, खाली दातांचा दवाखाना, मध्ये तुमची पैठणी, पुढे ऑनलाइन जुगार. ही शुद्ध खोगीरभरती. पैठणी शोधणारी बाई या पानावर कधीच येत नाही.

फुटरमधल्या, म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी येणाऱ्या पट्टीतल्या, लिंकचं आणखी वेगळं. समोरच्याच्या साइटला ५०० पानं असतील तर फुटरमधली एकच लिंक सर्च कन्सोलमध्ये (गुगलचं साइटमालकांसाठीचं मोफत साधन) ५०० लिंक म्हणून दिसू शकते. आकडा फुगतो, पण लिंक देणारी साइट एकच राहते. म्हणून तिथल्या ‘लिंक्स’ रिपोर्टमध्ये एकूण आकडा न बघता ‘टॉप लिंकिंग साइट्स’ ही यादी बघावी.

गुगल याबाबत एवढं कडक का, तेही समजून घ्यायला हवं. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची पद्धत मांडली, तिच्यात लिंक म्हणजे एका पानानं दुसऱ्या पानाची केलेली शिफारस. शिफारशीला किंमत आली तसा तिचा बाजारही भरला. एप्रिल २०१२ मध्ये अशा बनावट लिंकांना आळा घालणारं गुगलचं पेंग्विन अपडेट आलं, सप्टेंबर २०१६ मध्ये ते गुगलच्या मूळ प्रणालीतच सामावलं आणि डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन ही यंत्रणा विकाऊ लिंक ओळखून त्यांचं वजन काढून टाकते. गुगलच्या नियमांत आक्षेप आहे तो अतिरेकी अदलाबदलीला आणि फक्त एकमेकांना लिंक देण्यासाठी बनवलेल्या पानांना. दोन ओळखीच्या धंद्यांनी वाचकाच्या सोयीसाठी एकमेकांचा पत्ता देणं त्यात येत नाही. महिन्याला २० मात्र नक्की येतं.

‘आम्ही तिरपी अदलाबदल करतो, गुगलला कळत नाही,’ असं विक्रेते सांगतात. म्हणजे पहिला दुसऱ्याला लिंक देतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला. यात धोका कमी होत नाही, उलट तुमच्या साइटवरून कोणाला लिंक जाते आहे यावरचा ताबाही सुटतो. येणाऱ्या २० लिंकांच्या बदल्यात जाणाऱ्या २० तुमच्याच पानांवर बसतात, आणि त्यासाठी ते वर्डप्रेसचं (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरचं) सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिन लॉगिन मागतात. ते कधीही देऊ नका. ‘कॉन्ट्रिब्युटर’ ही भूमिका द्या. तिच्यात मजकूर लिहिता येतो, पण प्रसिद्ध करता येत नाही. शेवटचं बटण तुमच्या हातात राहतं.

आता तो कामाचा तुकडा. काही पॅकेजमध्ये ‘स्थानिक भागीदार शोधून देणे’ अशी एक ओळ असते. तिला बाकी गोष्टींपेक्षा जास्त मोल आहे. सोयरीक जुळवताना घर बघतात, तसं इथे समोरच्याचं गिऱ्हाईक बघावं लागतं. त्याच्याकडे आलेल्या माणसाला पुढची गरज तुमची आहे का, हा एकच प्रश्न.

उदाहरण घ्या. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. संभाजीनगरला गाडी पुरवणाऱ्याच्या साइटवर तीन दिवसांच्या सहलीचं पान असेल, तर मंगळवारचं काय हा प्रश्न तिथे येतोच. त्या जागी एक वाक्य: ‘मंगळवारी वेरूळ बंद असल्यानं साधारण ५० किलोमीटरवरच्या पैठणला जा, तिथे हातमागावर पैठणी विणताना बघता येते.’ यातल्या ‘हातमागावर पैठणी विणताना’ या शब्दांवर लिंक, आणि ती विणकराच्या मुखपृष्ठाला नको, माग कधी चालू असतो, किती वेळ लागतो, गाडी कुठे लावायची हे सांगणाऱ्या पानाला. उलट बाजूनं विणकराच्या ‘कसं यायचं’ पानावर गाडीवाल्याची लिंक. ही अदलाबदल गुगल नसतं तरी दोघांनी केली असती, आणि चांगल्या लिंकची कसोटी हीच.

तुळजापूरचा लॉज आणि सोलापूर स्टेशनवरून गाडी देणारा, लातूरचा नीट क्लास आणि मुलींचं वसतिगृह, बीडच्या सीताफळाचा गर विकणारा आणि आइस्क्रीम बनवणारा, या जोड्या जुळतात. लातूरचा क्लास आणि नांदेडचं टायरचं दुकान जुळत नाही, दोघं मराठवाड्यातलेच असले तरी.

वर्षाला असे चार ते सहा भागीदार पुरेत. प्रत्येक ठिकाणी लिंकचे शब्द त्या वाक्यातूनच येऊ द्या. सगळीकडे ‘बेस्ट पैठणी शॉप’ असा एकच छाप मारला की बनाव उघडा पडतो. कोणतं पान, कोणतं वाक्य, पान बदललं तर कोणी कळवायचं, हे मेलवर लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी लिंक जागेवर आहे का ते बघा. पॅकेज बंद केलं की लिंक काढल्या जातात किंवा ती साइटच बंद पडते, हे नेहमीचं आहे. भागीदाराला पैसे दिले असतील तर लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ लावायलाच हवं. माणसं त्यावरूनही येतात.

मोजणीसाठी गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशन’ रिपोर्ट उघडा, ‘सेशन सोर्स / मीडियम’ निवडा आणि ‘रेफरल’ (दुसऱ्या साइटच्या लिंकवरून आलेले) असलेल्या ओळी वाचा. नुसती सेशन, म्हणजे भेटी, मोजू नका, ‘एंगेज्ड सेशन’ बघा. १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ थांबलेली, किंवा दोन पानं बघितलेली, किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती झालेली भेट त्यात धरतात. व्हॉट्सअ‍ॅप बटणावरचा क्लिक ही कृती म्हणून नोंदवा, कारण आपल्याकडे चौकशी तिथेच होते. आणि तुलना मागच्या महिन्याशी करू नका. दिवाळी आणि लग्नसराईत पैठणीचा शोध आपोआप वाढतो आणि विक्रेता ती वाढ आपल्या नावावर मांडतो. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा तोच महिना शेजारी लावता येतो.

पॅकेज आधीच घेऊन झालं असेल तर सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’, म्हणजे गुगलनं साइटवर केलेली कारवाई, बघा. तिथे काही नसेल तर घाबरायचं कारण नाही. आपल्या साइटवरचं भागीदारांचं पान आणि असंबद्ध लिंक काढून टाका. ‘या लिंक धरू नका’ असं गुगलला कळवणाऱ्या ‘डिसअवाउ’ टूलला मात्र एवढ्यात हात लावू नका. ते कारवाई झालेल्या किंवा होण्याची दाट शक्यता असलेल्या साइटसाठी आहे, आणि चुकून चांगलं डोमेन त्या फाइलमध्ये गेलं तर नुकसान आपलंच.

नवीन घेणार असाल तर कोटेशन असं मागा: वर्षाला पाच स्थानिक भागीदार, प्रत्येकाचं पान आणि वाक्य आधी मंजुरीला, लिंक मजकुरात, फुटरमध्ये नाही. अर्धे पैसे पान चालू झाल्यावर, उरलेले तीन महिन्यांनी, लिंक जागेवर असेल आणि रेफरलमध्ये त्या साइटचं नाव दिसत असेल तरच.