सात भागांची हेरकथा दोन तासांत
भुसावळच्या मे महिन्यातील दुपारी, कूलरसमोर बसून ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ हा २०११ चा चित्रपट पाहिला, तेव्हा बीबीसीची १९७९ ची सात भागांची मालिका सतत आठवत होती. ब्रिटिश हेर जॉर्ज स्मायली आणि सोव्हिएत हेर कार्ला यांच्या भेटीचा दिल्लीच्या तुरुंगातील प्रसंग मालिकेत प्रत्यक्ष दिसतो आणि कार्ला समोर बसून एक शब्दही बोलत नाही. चित्रपटात मात्र गॅरी ओल्डमनचा स्मायली रिकाम्या खुर्चीकडे पाहत ती सगळी भेट एकट्याने उभी करतो, आणि हा बदल मला मुळापेक्षाही अधिक भिडला. मालिकेतील अ‍ॅलेक गिनेसचा स्मायली सावकाश उलगडत जातो. येथे तेवढी उसंत नाही. फितुरीचा संशय असलेल्या हेरांची ओळख इतक्या घाईने उरकली आहे की, मालिका न पाहिलेल्या माझ्या धाकट्या भावासाठी मला दोनदा चित्रपट थांबवावा लागला.